प्रतिभाताईंची जयपूरची अडीच वर्षं

बोदवडकर (धागाकर्ता):

आपल्याकडे प्रतिभाताई पाटलांचा विषय निघाला की बोलणं दोन टोकांना जातं. एका टोकाला अभिमान असतो: १९ डिसेंबर १९३४ ला, तेव्हाच्या पूर्व खानदेश जिल्ह्यातल्या नाडगावात जन्मलेली वकिलाची मुलगी देशाची पहिली महिला राष्ट्रपती झाली. दुसऱ्या टोकाला टीका असते, आणि ती कुठून सुरू होते हे जळगाव जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. या दोन्हींच्या मधे नोव्हेंबर २००४ ते जून २००७ असा एक काळ आहे. ताई तेव्हा राजस्थानच्या राज्यपाल होत्या, त्या राज्याच्या पहिल्या महिला राज्यपाल. हा काळ बहुतेक लेखांत एका ओळीत संपतो. 'त्यानंतर त्या राजस्थानच्या राज्यपाल झाल्या आणि मग...' असं लिहून लेखक थेट रायसीना टेकडीवर, म्हणजे राष्ट्रपती भवनात पोचतो.

माझं म्हणणं असं की त्यांच्या सगळ्या सार्वजनिक आयुष्यातलं सगळ्यात नेमकं घटनात्मक काम याच अडीच वर्षांत झालं. ते जमलं त्यामागे आधीची सभागृहातली तयारी होती.

ती तयारी थोडक्यात सांगतो. जळगावचं एमजे कॉलेज (तिथे त्या टेबल टेनिसही खेळायच्या), एम.ए., मग मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून कायद्याची पदवी, जळगावच्या कोर्टात वकिली. १९६२ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी जळगावातून आमदार. १९६७ पासून मतदारसंघ एदलाबाद, म्हणजे आजचं मुक्ताईनगर, आणि तिथून १९६७, १९७२, १९७८, १९८० अशा सलग चार वेळा निवडून आल्या. १९६७ ला उपमंत्री, १९७२ ला कॅबिनेट मंत्री. आरोग्य, समाजकल्याण, गृहनिर्माण, शिक्षण अशी बरीच खाती त्यांच्या हाताखालून गेली.

मंत्रिपदं पुष्कळांना मिळतात. मला महत्त्वाच्या वाटतात त्या पुढच्या दोन जागा. पुलोदचं, म्हणजे शरद पवारांचं पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार असताना १९७९-८० मध्ये ताई विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. सरकारने आणलेलं विधेयक कलमवार वाचायचं, त्यातली फट शोधायची आणि बहुमत समोर बसलेलं असताना ती बोलून दाखवायची, हे त्या खुर्चीचं काम. त्यानंतर १९८५ ला राज्यसभा आणि १९८६ ते १९८८ तिथलं उपसभापतिपद. १९८७ मध्ये आर. वेंकटरामन उपराष्ट्रपतिपदावरून राष्ट्रपती झाले, तेव्हा २५ जुलै ते २ सप्टेंबर सभापतीचं कामही ताईंनीच पाहिलं. विधेयक मांडणाऱ्या मंत्र्याच्या बाकावर, ते अडवणाऱ्या विरोधकाच्या बाकावर आणि सभागृह चालवणाऱ्याच्या आसनावर, तिन्ही ठिकाणी बसलेली माणसं राज्यपालांच्या यादीत शोधून पाहा, किती सापडतात ते.

आता जयपूर. एप्रिल २००६ मध्ये राजस्थान विधानसभेने धर्मांतराला आळा घालणारं विधेयक मंजूर केलं. नाव होतं धर्मस्वातंत्र्य विधेयक. बळजबरी, प्रलोभन, फसवणूक यांतून होणारं धर्मांतर गुन्हा ठरवणारं. मुख्यमंत्री वसुंधरा राजे, सरकार भाजपचं, बहुमत भक्कम. विधेयक सहीसाठी राजभवनात आलं आणि ताईंनी ते परत पाठवलं. त्यातल्या काही तरतुदी धर्मस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काला धक्का लावतात, असा त्यांचा आक्षेप होता.

मला यात काय आवडतं ते सांगतो. विधेयक कपाटात पडून राहिलं नाही. त्यांनी आक्षेप लिहिला आणि विधेयक सभागृहाकडे धाडलं. आज देशात काही राज्यांत राज्यपाल आणि सरकार यांचं जे भांडण चालतं ते बहुतेक या एका फरकावरच चालतं. बोला मंडळी.

अहिराणी_माय:

भाऊ, तू भलतं झकास लिखेल शे. मना एक प्रश्न शे. राज्यपालले खरंच काही अधिकार ऱ्हातस का, का नुसती सही करानी ऱ्हास?

कलमदान:

ताई, उत्तर घटनेच्या कलम २०० मध्ये आहे, सोपं करून सांगतो.

विधानसभेने मंजूर केलेलं विधेयक आलं की राज्यपाल संमती देऊ शकतात, संमती रोखू शकतात किंवा ते राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवू शकतात. शिवाय अर्थविधेयक सोडून दुसरं कुठलंही विधेयक फेरविचाराचा संदेश जोडून सभागृहाकडे परत पाठवता येतं. सभागृहाने ते दुरुस्ती करून किंवा जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं, तर मग राज्यपालांना संमती रोखता येत नाही. म्हणजे शेवटचा शब्द निवडून आलेल्यांचाच राहतो. राज्यपाल एकदाच 'थांबा, हे पुन्हा वाचा' एवढं म्हणू शकतो.

पंजाबच्या राज्यपालांनी विधेयकं अडवल्याच्या प्रकरणात नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं की संमती रोखायची असेल तर विधेयक परत पाठवावं लागेल, नुसतं दाबून बसता येणार नाही. त्या दृष्टीने बोदवडकर दादांनी दाखवलेला फरक खरा आहे. २००६ मध्ये ताईंनी जो मार्ग धरला तो सतरा वर्षांनी कोर्टाने सगळ्यांना घालून दिला.

गिरणाकाठ:

दादा, तुमचा धागा मनापासून वाचला. पण मला हे एवढं सरळ दिसत नाही.

ताईंना नेमलं केंद्रातल्या यूपीए सरकारने. राज्यात सरकार विरोधी पक्षाचं. त्या सरकारचं वादाचं विधेयक काँग्रेसमध्ये उभी हयात गेलेल्या राज्यपालांनी परत पाठवलं, तर लोक त्याला पक्षाचं काम म्हणणारच. केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाने १९८८ च्या अहवालात हेच बजावलं होतं की राज्यपाल हा नजीकच्या काळात राजकारणात फार सक्रिय नसलेला माणूस असावा. तो सल्ला काँग्रेसनेही पाळला नाही आणि भाजपनेही पाळला नाही. २००४ च्या जुलैत उत्तर प्रदेश, हरियाणा, गुजरात, गोवा इथले चार राज्यपाल एका झटक्यात काढले गेले, त्याच वर्षीची ही नेमणूक आहे हे विसरू नका. ते प्रकरण पुढे न्यायालयात गेलं आणि सरकार बदललं म्हणून राज्यपाल बदलायचा हे चालणार नाही, असा निकाल २०१० मध्ये आला.

दुसरं. निवडून आलेल्या दोनशे जणांच्या सभागृहाने केलेला कायदा नेमलेल्या एका व्यक्तीने अडवावा हे मला तत्त्वतः पटत नाही, ती व्यक्ती आपल्या जिल्ह्याची असली तरी.

बोदवडकर:

गिरणाकाठ भाऊ, पहिला मुद्दा अर्धा मान्य. सरकारियांचा सल्ला पाळला असता तर ताईच काय, त्या काळातले निम्मे राज्यपाल नेमलेच गेले नसते. फक्त एक तपशील सांगतो. राजस्थानातली जागा त्या चौघांसारखी कोणाला काढून रिकामी झाली नव्हती. आधीचे राज्यपाल मदनलाल खुराना स्वतः राजीनामा देऊन दिल्लीच्या राजकारणात परतले होते. आणि १९९६ ला अमरावतीची खासदारकी संपल्यावर ताई निवडणुकीच्या राजकारणापासून आठ वर्षं लांबच होत्या.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. त्याच उन्हाळ्यात दिल्लीत काय झालं ते आठवा. लाभाच्या पदाचं विधेयक (काही सरकारी पदं घेऊनही खासदारकी टिकू देणारं) संसदेने मंजूर केलं होतं, सरकार यूपीएचं. मे २००६ च्या अखेरीस राष्ट्रपती कलामांनी ते फेरविचारासाठी परत पाठवलं. संसदेने ते जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं आणि ऑगस्टमध्ये कलामांनी सही केली. कलामांच्या त्या पत्राचं तेव्हा सगळीकडे कौतुक झालं. एकाच उन्हाळ्यात एकाच प्रकारचा अधिकार दोघांनी वापरला, एकाने दिल्लीत आणि एकीने जयपुरात. एकाला आपण घटनेचा रखवालदार म्हणायचं आणि दुसरीला पक्षाची कार्यकर्ती, हा न्याय मला कळत नाही. आणि हो, ताईंच्या नेमणुकीवर सही कलामांचीच होती. पुढे त्यांच्याच जागी ताई गेल्या.

मुक्ताईची_लेक:

या वादात थोडं वेगळं बोलते.

२००४ ते २००७ या काळात राजस्थानात मुख्यमंत्री वसुंधरा राजे, विधानसभेच्या अध्यक्ष सुमित्रा सिंह आणि राज्यपाल प्रतिभाताई. राज्याच्या तिन्ही मोठ्या खुर्च्यांवर बायका होत्या! आणि राज्य कोणतं, तर जिथे आजही कितीतरी घरांत सुनेचा घुंघट नाकाच्या खाली असतो. वर्षातल्या पहिल्या अधिवेशनाच्या सुरुवातीला अभिभाषणाला राज्यपाल सभागृहात येतात, तेव्हा आसनावर एक बाई, भाषण करणारी एक बाई आणि ते भाषण ज्या सरकारचं त्याची प्रमुखही बाई. हे दृश्य मला विधेयकाइतकंच मोठं वाटतं.

आणखी एक धागा जुळतो बघा. ताई १९६२ ला पहिल्यांदा आमदार झाल्या, त्याच वर्षाच्या अखेरीस विजयालक्ष्मी पंडित महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या, आपल्या राज्याच्या पहिल्या महिला राज्यपाल. सत्ताविशीतल्या नव्या आमदाराने पहिल्याच वर्षी राज्यपालांच्या जागी एक बाई पाहिली. आमच्या पिढीला हे वाचून कळतं, ताईंनी ते बाकावर बसून अनुभवलं.

उदयपूरच्या भाषणाचं मात्र मलाही पटलं नाही. जून २००७ मध्ये त्या म्हणाल्या की बायकांनी पडदा सोडावा, आणि पुढे असंही म्हणाल्या की ही प्रथा मुघलांच्या आक्रमणापासून बचाव म्हणून आली. इतिहासाच्या अभ्यासकांनी लगेच हरकत घेतली, मुस्लिम संघटनांनीही घेतली. भाषणातलं पहिलं वाक्य राजस्थानातल्या बायकांना खूप कामाचं होतं. दुसऱ्यामुळे सगळी चर्चा इतिहासावर गेली आणि पहिलं वाक्य कोणी ऐकलंच नाही, याचं मला वाईट वाटतं.

बांभोरीचा_विद्यार्थी:

ताईंच्या श्रमसाधना ट्रस्टचं बांभोरीचं इंजिनिअरिंग कॉलेज १९८३ चं. गिरणेच्या पलीकडे हायवेला लागून. मी तिथेच शिकलो. जळगाव, धरणगाव, एरंडोलच्या शेतकऱ्यांच्या पोरांना पुणे-मुंबई न गाठता इंजिनिअर होता आलं, हे माझ्या वर्गातच दिसत होतं. राज्यपालपदाशी याचा संबंध नाही, पण जीवन आणि कारकीर्द म्हटलं तर हे यायलाच हवं.

तापीपूर:

मग हेही यायला हवं. प्रतिभा महिला सहकारी बँक ताईंच्या पुढाकाराने १९७३ मध्ये जळगावात निघाली. बायकांची बँक, केवढी मोठी कल्पना त्या काळात. २००३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. पुढच्याच वर्षी राज्यपालपदाची नेमणूक. कोण किती जबाबदार यावर मी बोलत नाही, पण ज्या जिल्ह्यात सहकार म्हणजे घरातली गोष्ट आहे तिथे अशी बँक बंद पडते तेव्हा माणसं विसरत नाहीत. बोदवडकर दादा, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये 'टीका कुठून सुरू होते हे कोणाला सांगायला नको' एवढंच आहे. सांगायला हवं. नवीन पोरं वाचतात हे.

बोदवडकर:

तापीपूर नाना, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, धाग्यात राहू द्या. माझा धागा त्यांच्या राज्यपालपदाच्या कामाबद्दल आहे. बँकेचा हिशेब त्या कामातून फिटत नाही, आणि बँकेमुळे ते कामही खोटं ठरत नाही. दोन्ही नोंदी राहाव्यात.

स्पर्धापरीक्षा_धुळे:

दादा, राज्यपाल होऊन पुढे राष्ट्रपती झालेले आणखी कोण? परीक्षेत विचारतात.

कलमदान:

झाकिर हुसेन (बिहार), व्ही. व्ही. गिरी (उत्तर प्रदेश, केरळ, म्हैसूर), शंकरदयाळ शर्मा (आंध्र प्रदेश, पंजाब आणि आपला महाराष्ट्र), प्रतिभा पाटील (राजस्थान), रामनाथ कोविंद (बिहार), द्रौपदी मुर्मू (झारखंड). यातले गिरी, हुसेन, शर्मा हे मधे उपराष्ट्रपतीही होते. ताई राजभवनातून थेट गेल्या.

२००७ च्या निवडणुकीत समोर होते भैरोसिंह शेखावत, उपराष्ट्रपती आणि राजस्थानचे माजी मुख्यमंत्री. म्हणजे राजस्थानच्या राज्यपालांची लढत राजस्थानच्याच सगळ्यात मोठ्या नेत्याशी. त्यात ताईंचे यजमान देवीसिंह शेखावत, अमरावतीचे. त्यांच्या घराण्याचं मूळ गाव सीकर जिल्ह्यातलं छोटी लोसल, आणि भैरोसिंहही सीकरकडचेच. त्यामुळे राजस्थानात ताईंना 'सून' म्हणायचे आणि इकडे शिवसेनेने एनडीएत असूनही मराठी माणूस म्हणून त्यांना मतं दिली. मतमूल्य ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६. शपथ २५ जुलै २००७.

सातपुडा_शहादा:

राम राम मंडळी. तुम्ही सगळे विधेयकावर बोलताय. आमच्याकडे, नंदुरबार जिल्ह्यात, राज्यपाल हा शब्द वेगळ्या कारणाने माहीत आहे.

घटनेच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे अनुसूचित क्षेत्राची, म्हणजे ठरवून दिलेल्या आदिवासी भागाची, खास जबाबदारी राज्यपालांवर आहे. संसदेचा किंवा विधानसभेचा एखादा कायदा या भागाला लागू करायचा नाही, किंवा फेरफार करून लागू करायचा, असं राज्यपाल अधिसूचना काढून ठरवू शकतात. दर वर्षी राष्ट्रपतींना या भागाच्या कारभाराचा अहवालही त्यांनीच द्यायचा असतो. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा इथल्या माणसाला हे कागदावरचं वाटत नाही. वनहक्काचा दावा जिल्हा समितीने फेटाळला तर वर दाद मागायची सोयच नव्हती. २०२० मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी अधिसूचना काढून विभागीय समितीकडे अपिलाची वाट उघडली. पिढ्यान्पिढ्या कसत असलेल्या जमिनीचा दावा एका कागदावर नामंजूर झालेल्या माणसासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे आमच्या डोंगरात येऊन बघा.

राजस्थानही पाचव्या अनुसूचीचं राज्य आहे. बांसवाडा, डूंगरपूर, उदयपूरकडचा आदिवासी पट्टा त्यात येतो. म्हणजे खानदेशातून गेलेल्या ताईंकडे तिथल्या भिलांचीही जबाबदारी होती, आणि भिल्ल तर आपल्याकडेही आहेत. राज्यपालांच्या कारकिर्दीचं मोजमाप करताना हे माप कोणी लावतच नाही. सरकारशी भांडण झालं का, एवढंच विचारतात. मला विचाराल तर प्रत्येक राज्यपालाबद्दल पहिला प्रश्न हा असावा की त्यांनी अनुसूचित क्षेत्रासाठी कोणती अधिसूचना काढली.

मुक्ताईची_लेक:

सातपुडा दादा, हे वाचून अंगावर काटा आला. यावर स्वतंत्र धागा काढा ना.

गिरणाकाठ:

सातपुडा दादांच्या मुद्द्याने माझा मुद्दा मला जास्त नीट मांडता येतोय.

झारखंडमध्ये नोव्हेंबर २०१६ ला छोटानागपूर आणि संथाल परगणा इथल्या जमीन कायद्यांच्या दुरुस्त्या विधानसभेने मंजूर केल्या. आदिवासींच्या जमिनीचा बिगरशेती वापर सोपा करणाऱ्या. लोक रस्त्यावर उतरले. राज्यपाल होत्या द्रौपदी मुर्मू. सरकार भाजपचं, मुर्मू भाजपच्याच, केंद्रातही तेच सरकार. तरी २०१७ मध्ये त्यांनी ती विधेयकं परत पाठवली आणि पुढे सरकारने ती मागे घेतली.

बोदवडकर दादा, देशाच्या दोन्ही महिला राष्ट्रपतींनी राज्यपाल असताना विधेयक परत पाठवलं, हा योग मलाही विलक्षण वाटतो. दोघींनी वापरलेला अधिकार एकच, पण परीक्षा एक नाही. विरोधी पक्षाच्या सरकारला थांबवायला अभ्यास लागतो, आणि तो ताईंकडे होता हे मी मानतो. आपल्या माणसांच्या सरकारला थांबवायला आणखी काहीतरी लागतं. जयपुरात ताईंवर ती वेळ आली नाही, कारण तिथे सरकारच त्यांच्या पक्षाचं नव्हतं. मी त्यांना दोष देत नाही. फक्त राज्यपाल म्हणून 'सगळ्यात नेमकं काम' हा शब्द मी मुर्मूंच्या २०१७ साठी राखून ठेवीन.

बोदवडकर:

भाऊ, हा मुद्दा जोरदार आहे आणि मला तो खोडायचा नाही. एवढंच म्हणेन की मी 'सगळ्यात नेमकं' म्हणालो ते ताईंच्या स्वतःच्या कारकिर्दीत. इतर राज्यपालांशी तुलना करताना तुमचं माप मला मान्य आहे.

पण अभ्यासाला कमी लेखू नका. मुर्मूंसमोर रस्त्यावर उतरलेली माणसं होती. ताईंसमोर एक कागद होता, आणि त्यातली अडचण वाचूनच कळणार होती. जळगावच्या कोर्टात उलटतपासणी केलेल्या आणि विरोधी बाकावरून मंत्र्यांना कलमं विचारलेल्या माणसाला ती दिसली. आमच्या बोदवड-मुक्ताईनगर भागातल्या शाळांमध्ये ताईंच्या नावाने वक्तृत्व स्पर्धा घ्यायची असेल तर विषय 'पहिली महिला राष्ट्रपती' हा नको. मुलांना कलम २०० वाचायला द्या आणि २००६ च्या त्या विधेयकावर दोन्ही बाजूंनी बोलायला लावा. तालुक्यातले दोन-तीन शिक्षक हा धागा वाचत असतील, त्यांनी मनावर घ्यावं.

सातपुडा_शहादा:

आणि तिसरी बाजू पाचव्या अनुसूचीची ठेवा दादा. आमच्या आश्रमशाळेतली पोरं पाठवतो, बोलतील.